गलबतावरच्या शिपायाचे ओझे

आंग्र्यांच्या आरमारावर लिहिताना लेखणी किल्ल्यांकडे आणि सरखेलांकडे वळते. गलबतातला शिपाई नुसता गर्दीत उरतो. पण त्याच्या अंगावर काय होते, आणि मुख्य म्हणजे काय नव्हते, यात त्या नौकेची सारी युद्धरीत सामावली आहे. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मच्या वर्णनातले गलबत ७० टनांपलीकडे क्वचितच जाते, वल्ही ४०-५०. गुराबांच्या, म्हणजे मोठ्या युद्धनौकांच्या, नाळेवरून मारा करणाऱ्या तोफांनी शत्रूचे जहाज पांगळे झाले, की एकेका गलबतातून २००-३०० माणसे तलवारी उपसून त्यावर चढत. चिलखत म्हणून माणशी २० किलोंचे लोखंड धरले, तर २०० जणांचे झाले ४ टन, तेही पाण्याच्या वर डोलणारे. वैनगंगेतल्या डोंग्यात एकजण अवचित उभा राहिला तर काय होते, हे भंडाऱ्याच्या धीवरांना सांगावे लागत नाही.

यावर आक्षेप असा, की मराठे जमिनीवरही हलक्या साजानेच लढत. मग हलकेपणाचे श्रेय नौकेला का द्यायचे? म्हणून जमिनीवर चिलखत घालणाऱ्यांचेच आरमार पाहावे लागते. अथेन्सच्या तीन रांगी वल्ह्यांच्या युद्धनौकेवर वल्हेकरी १७०, आणि प्लुटार्कच्या म्हणण्यानुसार सालामिसच्या लढाईत (इ.स.पू. ४८०) फळीवर लढवय्ये फक्त १८: चौदा ढाल-भालेवाले, चार तिरंदाज. कांस्याचे शिरस्त्राण आणि जवळपास तीन फूट व्यासाची ढाल त्यांच्याकडे होती, तरी संख्या आखडती. धडक मारायला वेग हवा, वेगाला समतोल. सालामिसच्या १४ वर्षे आधी लाडेच्या लढाईत कीऑस बेटाच्या ग्रीकांनी नौकेमागे ४० जण चढवले होते. म्हणजे बंदी नव्हती, निवड होती. सिराक्यूजच्या बंदरात (इ.स.पू. ४१३) अथेन्सनेच फळीवर गर्दी केली, तेव्हा शत्रूचा सेनापती आपल्या लोकांना सांगत होता, की या जमिनीवरच्या भालाफेक्यांना बसून भाला कसा फेकावा हेही कळणार नाही. अथेन्स हरले. अर्थात बंदराची अडचण त्याला अधिक कारणीभूत, हे मान्य करायला हवे.

आंग्र्यांच्या हलकेपणाचीही किंमत होतीच. शिपाई शत्रूच्या जहाजाला भिडेपर्यंत त्याची तलवार निरुपयोगी, आणि लांबून तोफा डागणारे उंच जहाज भिडूच देत नसे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज नौसेनापती वॉटसनच्या तोफांसमोर विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांच्या नौका दाटीने नांगरलेल्या होत्या. तुळाजींनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजाला एका तोफगोळ्याने आग लागली, ती शेजारच्या नौकांवर गेली, आणि बहुतेक आरमार जागीच जळाले.