आठव्यातलं मूल आणि रुतलेली वार

‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही.’ प्रसूतिगृहाबाहेरच्या बाकावर कोणी ना कोणी आजी हे ठणकावून सांगते आणि शिकलेसवरलेलेही माना डोलावतात. एरवी कानाआड करता आलं असतं. पण वार गर्भाशयाच्या भिंतीत रुतली असेल, तर हे वाक्य बाळंतिणीच्या जिवावर बेततं.

कारण अशा बाईची प्रसूती मुद्दाम लवकर करतात. अमेरिकेतल्या स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस 34 आठवडे पूर्ण झाल्यापासून 36वा भरायच्या आतली आहे. म्हणजे ऐन आठवा! घरचे अडून बसतात, ‘नववा लागू दे.’ नववा लागायच्या आत कळा किंवा रक्तस्राव सुरू झाला, तर मध्यरात्री गाडी शोधा, रक्त शोधा. दिवस भरत आलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असतं, त्यामुळे शोधाशोधीला वेळच नसतो. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत रक्ताच्या पिशव्या, भूलतज्ज्ञ आणि मूत्राशयाला इजा झालीच तर ती सांधणारा सर्जन आधीच हजर असतात.

आणि मूल? आठव्यातलं जगत नाही हा समज हिप्पोक्रेटसच्या नावावरच्या ग्रीक ग्रंथांतही आहे, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षं जुना. जुना आहे, खरा नाही. पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या पथ्यावरच पडतो. सातव्यापेक्षा आठव्यात फुप्फुसं कच्ची कशी होतील? सुसज्ज रुग्णालयात 34 आठवड्यांची बहुतेक सगळी बाळं जगतात. धाप लागते, साखर उतरते, अंग गार पडतं, कावीळ होते, ओढून दूध पिण्याइतका जोर नसतो. म्हणून काही दिवस पेटीत ठेवतात. हा त्रास बहुतांशी लवकर जन्मल्याचा, रुतलेल्या वारेचा नव्हे.

बाकावर आणखीही बरंच ऐकू येतं. ‘जड उचललं म्हणून वार चिकटली.’ नाही.

‘पैशासाठी पिशवी काढली, वार ओढून काढता आली असती.’ रुतलेली वार ओढली की रक्ताचा लोंढा सुटतो. पिशवी काढतात ती बहुतेक वेळा बाई वाचावी म्हणून.

‘मागच्या सिझेरियनचा काय संबंध?’ तोच तर मुख्य संबंध. तीस हजारांवर सिझेरियनचा अमेरिकन अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यात वार खाली, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावर असलेल्या बायकांपैकी आधी एक सिझेरियन झालेल्या 11 टक्के जणींची वार रुतलेली निघाली, दोन झालेल्यांत 40 टक्के आणि तीन झालेल्यांत 61 टक्के. जुना टाका आणि खाली वार असं दोन्ही असेल, तर सोनोग्राफी करणाऱ्याला ते आधीच सांगावं. नेमकं काय शोधायचं हे त्याला कळतं.