तालुक्याबाहेरची दाद

दसरा-दिवाळी झाली की परळी तालुक्यातल्या वाड्यातांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे उचलही दोघांची एकच. बाईच्या दुखण्यानं दिवस मोडला तर खाडा पडतो, म्हणजे पैसे कापले जातात. पाण्यावाचून, आडोशावाचून कोपीत काढलेले ते महिने, अंगावर काढलेलं दुखणं आणि मग डॉक्टरचा सल्ला : गर्भपिशवी काढून टाका. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. साधारण सहा बायकांमागे एक.

या बाईनं दाद कुठं मागायची? मुकादम ओळखीतला, दवाखाना तालुक्यातला, कारखान्यांचे कारभारी बहुतेक राजकारणातले. सगळी सत्ता एकाच वर्तुळात फिरते तिथं माणूस बाहेरचा कुणीतरी शोधतो. 9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला, तेव्हाही बीडमध्ये हेच झालं. तपास स्थानिक पोलिसांकडून काढून घ्या, ही मागणी लोकांनी लावून धरली. तपास सीआयडीकडे गेला, विशेष पथक नेमलं गेलं आणि मार्च 2025 मध्ये याच प्रकरणावरून परळीच्या आमदारांना मंत्रिपद सोडावं लागलं.

असा बाहेरचा माणूस कायद्यानंच उभा करावा, यासाठी संयुक्त राष्ट्रांनी 1993 मध्ये ‘पॅरिस तत्त्वं’ मान्य केली : प्रत्येक देशात सरकारपासून स्वतंत्र असा मानवी हक्क आयोग असावा. आपला राष्ट्रीय आयोग त्याच वर्षीचा. महाराष्ट्राचा 2001 पासून मुंबईत काम करतो. राष्ट्रीय आयोगाकडं तक्रार करायला पैसे लागत नाहीत, मराठीतही लिहिता येते. पण या आयोगांच्या कायद्याच्या छत्तिसाव्या कलमात एक अट आहे. घटनेला वर्ष उलटलं की आयोगाला चौकशी करता येत नाही. पंचविशीत पिशवी गेलेल्या बाईला आपलं काय झालं हे कळेपर्यंत चार-पाच हंगाम निघून गेलेले असतात. माझ्या मते या कायद्यातली सर्वांत क्रूर ओळ हीच.

राष्ट्रीय आयोगाला फक्त शिफारस करता येते, हे खरं. तरी त्याला कणा होता तेव्हा त्यानं काय केलं, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. गुजरातमधल्या बेस्ट बेकरी हत्याकांडातले सगळे आरोपी 2003 मध्ये सुटले, तेव्हा आयोग स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेला. 2004 मध्ये न्यायालयानं फेरखटला गुजरातबाहेर, महाराष्ट्रात चालवायचा आदेश दिला आणि 2006 मध्ये मुंबईच्या न्यायालयानं नऊ जणांना दोषी ठरवलं. सरकारला न आवडणारं काम आयोग करू शकतो, याचा तो धडधडीत पुरावा.

पुढं हा कणा वाकत गेला. 2019 च्या दुरुस्तीनं अध्यक्षाची मुदत पाचावरून तीन वर्षांवर आणली. फेरनेमणुकीची वाट मात्र उघडी ठेवली. निवड समितीत सहा जण, त्यांत विरोधी पक्षाचे दोनच. जून ते डिसेंबर 2024 या काळात आयोगाला पूर्णवेळ अध्यक्षच नव्हता. तपास करायला पोलीस खात्यातून आलेले अधिकारी, म्हणजे कोठडीत माणूस मेला तर पोलिसांची चौकशी पोलिसांनीच करायची. सरचिटणीसही सरकारनं पाठवलेला. जगभरच्या अशा आयोगांना दर्जा देणाऱ्या जागतिक संघटनेच्या जिनिव्हातल्या उपसमितीनं या गोष्टींवर वारंवार बोट ठेवलं. 2023 आणि 2024 मध्ये निर्णय पुढं ढकलला आणि मार्च 2025 मध्ये भारताच्या आयोगाला ‘अ’ वरून ‘ब’ दर्जावर आणण्याची शिफारस केली. सुधारणेसाठी वर्षभराचा अवधी दिला. ‘ब’ दर्जाच्या आयोगाला त्या जागतिक संघटनेत मत नसतं आणि मानवी हक्क परिषदेत ‘अ’ दर्जासारखा बोलायचा हक्कही नसतो.

परदेशी लोकांनी आम्हाला का शिकवावं, असं यावर म्हटलं जातं. शिकवणाऱ्यांची घरंही जळत आहेत, हे मान्यच करावं लागेल. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेनं मानवी हक्क परिषदेकडं पाठ फिरवली आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यावर निर्बंध घातले. जूनमध्ये त्याच न्यायालयाच्या चार न्यायाधीशांवर आणि जुलैत संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेस्टाईनविषयक विशेष प्रतिवेदक फ्रान्सेस्का अल्बानीज यांच्यावरही. एप्रिलमध्ये हंगेरीनं ते न्यायालय सोडायचं ठरवलं. गाझाचं प्रकरण हाताळणाऱ्या न्यायाधीशाचे बँकव्यवहार अडवणारं राष्ट्र दुसऱ्यांना हक्क शिकवतं, तेव्हा संताप येतोच. पण त्यामुळं जिनिव्हाच्या आक्षेपातलं एकही वाक्य खोटं ठरत नाही. पोलिसांनी पोलिसांची चौकशी करू नये, हे सांगायला अमेरिकेची गरज नाही. ते परळीच्या चहाच्या टपरीवरही कळतं.

दिल्लीला ‘अ’ दर्जा हवा असेल तर आयोगाचे स्वतःचे तपासनीस नेमणं आणि निवडीत सरकारची मक्तेदारी मोडणं, हे अवघड नाही. ऊसतोड कामगारांसाठी मात्र आधी ते छत्तिसावं कलम बदलायला हवं. ते होईपर्यंत राज्य आयोगानं पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखाने बंद होऊन टोळ्या गावी परतल्यावर, परळीत येऊन बसावं. बायका तेव्हा घरी असतात आणि त्या हंगामात झालेल्या शस्त्रक्रियेला वर्ष झालेलं नसतं.