शेवळाचा क्रमांक

ज्येष्ठाच्या आरंभी, वळवाच्या एकदोन सरी पडून जमिनीचा वास अजून हवेत रेंगाळत असतानाच, डहाणू आणि कासा यांच्या दरम्यान रस्त्याच्या कडेस किंवा तलासरीच्या बाजारात ज्या वारली बाया शेवळांच्या जुड्या मांडून बसलेल्या असतात, त्या अनोळखी गिऱ्हाइकाच्या पिशवीत जुडीबरोबर चारदोन काकडेही न विसरता टाकतात. ही हिरवी, लहानशा आवळ्याएवढी आंबट-तुरट फळे म्हणजे गिऱ्हाईक टिकावे म्हणून घातलेली फुकटची भर नव्हे. तो त्या पाककृतीचा अर्धा भाग होय. शेवळाच्या अंगी कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. आतला पिवळा भाग काढून टाकल्यावाचून आणि काकडाच्या रसाची किंवा निदान चिंचेच्या कोळाची जोड दिल्यावाचून जो ही भाजी शिजवील, त्याचा घसा रात्रभर खाजत राहील. कायस्थ प्रभूंच्या घरातून जी शेवळाची कणी मोठ्या मानाने पानात वाढली जाते, तीही याच ज्ञानावर उभी आहे. हे ज्ञान बाजारात तोंडी मिळते, जुडीबरोबर मिळते, आणि त्याची किंमत जुडीच्या भावातच वसूल झालेली असते.

आता हेच ज्ञान पाकशास्त्राच्या एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शोधू जावे, तर ते कोणत्या कपाटात सापडावे? मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये जी दशांश वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली, तिच्यात अन्नपाण्याला ६४१ हा क्रमांक असून स्वयंपाकाला ६४१.५ दिलेला आहे. त्यापुढे देशाचा आणि प्रांताचा अंक जोडीत गेले म्हणजे महाराष्ट्राच्या पाककृतींचे पुस्तक ६४१.५९५४७९२ अशा लांबलचक पत्त्यावर जाऊन बसते. पण शेवळ ही वनस्पती म्हणून ५८० च्या घरात जाईल, लोकाचार म्हणून ३९० मध्ये, भाजी म्हणून ६४१.६५ मध्ये, आणि तिन्ही ठिकाणी धुंडाळूनही काकडे किती घालावीत, हे विद्यार्थ्याला बहुधा कोठेच लिहिलेले आढळणार नाही. पाकशाळेच्या ग्रंथालयाचा परिचय करून देताना मला प्रथम ही अडचण नमूद करावीशी वाटते, कारण त्या ग्रंथालयाचे सारे वैशिष्ट्य आणि सारे वैगुण्य तिच्यात एकवटलेले आहे.

आपल्या देशात हा विषय महाविद्यालयात बसून शिकण्याचा झाला तो १९५४ पासून. त्या साली मुंबईत अखिल भारतीय महिला मध्यवर्ती अन्न परिषदेने, लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने, या प्रकारची देशातील पहिली संस्था काढली. पुढे दादरला स्थिरावलेली आणि आजही जिला लोक नुसते ‘दादर केटरिंग’ म्हणतात, ती हीच. शिधापत्रिका आणि धान्यटंचाई यांच्या दिवसांत, ‘अन्नपूर्णा’ नावाची स्वस्त व सकस उपाहारगृहे चालविणाऱ्या स्त्रियांच्या हातून ती जन्मास आली, आणि तिच्या लांबलचक नावात हॉटेल-व्यवस्थापनाच्या बरोबरीने ‘उपयोजित पोषण’ हे शब्द आले, ही गोष्ट आज तारांकित हॉटेलांच्या पांढऱ्या टोप्यांखाली काहीशी झाकून गेली आहे. या संस्थेच्या दीर्घकाळ प्राचार्या असलेल्या थंगम फिलिप यांनी ‘मॉडर्न कुकरी फॉर टीचिंग अँड द ट्रेड’ हा द्विखंडात्मक ग्रंथ सिद्ध केला. त्यापूर्वी परदेशी पुस्तकांवर भागवून घेणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याच्या हाती सांबार, पुलाव आणि कस्टर्ड ही तिन्ही एकाच मापनपद्धतीने लिहिलेली प्रथमच पडली, आणि पाकशाळेच्या ग्रंथालयाला आपल्या मातीतला एक पायाचा ग्रंथ लाभला. १९८२ मध्ये हॉटेल-व्यवस्थापनाच्या शिक्षणाची राष्ट्रीय परिषद स्थापन होऊन अभ्यासक्रम देशभर एकसारखा झाला. त्यामुळे लहानातल्या लहान संस्थेच्या कपाटातही तीच तीच पाठ्यपुस्तके दिसू लागली, हा त्या एकसारखेपणाचा लाभही आणि दोषही.

लहान संस्थेचे ग्रंथालय म्हणजे बहुधा एक खोली, पाच-सहा लोखंडी कपाटे, एक लांब मेज आणि देवघेवीची खिडकी एवढाच पसारा. परंतु त्याचा व्यवहार इतर महाविद्यालयांच्या ग्रंथालयाहून निराळा असतो. इतिहासाचा विद्यार्थी पुस्तक घरी नेऊन वाचतो आणि मुदतीत परत करतो; पाकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुस्तक हवे असते ते ओट्यावर, हात पिठाने माखलेले असताना, पातेल्याला उकळी फुटत असताना, आणि तेही सर्व वर्गाला एकाच प्रहरी. म्हणून शहाणा ग्रंथपाल मूळ पुस्तक कपाटात कुलूपबंद ठेवून त्यातील कृतींची टाचणे जाड पुठ्ठ्याच्या पत्रांवर उतरवून घेतो, त्यांना प्लॅस्टिकचे वेष्टण घालतो, आणि आठवड्याच्या प्रात्यक्षिकांचा तक्ता शिक्षकांकडून आगाऊ मागवून त्याप्रमाणे पत्रे काढून देतो. या पत्रांवर पदार्थाचे नाव, किती पानांसाठी, प्रत्येक जिन्नसाचे ग्रॅममधील वजन, शिजविण्याची उष्णता आणि वेळ, आणि अखेरीस खर्चाची आकारणी, एवढा मजकूर असावयाचा. चौघांच्या कृतीला पंचविसाने गुणले की शंभरांची कृती होते, हा नवशिक्याचा समज. मोठ्या भांड्यात पाणी तुलनेने कमी आटते, मीठ-मसाला त्याच पटीत वाढवून चालत नाही, आणि भाताचा तळ निराळ्या न्यायाने लागतो, म्हणून शंभरांची कृती ही स्वतंत्रच लिहून ठेवावी लागते. पेशवाईतल्या मुदपाकखान्याच्या कारकुनाला हे पक्के ठाऊक असणार, कारण कोठीतून निघणाऱ्या शिध्याची रुजवात त्यालाच द्यावी लागे.

दुसरा निराळेपणा संग्रहाचा. ग्रंथ, नियतकालिके आणि अन्नसुरक्षेचे कायदेकानू हे तर झालेच. पण जे कागद अन्यत्र रद्दीत जातात, ते येथे दप्तरी ठेवण्याजोगे असतात. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात फ्रँक ब्युटोल्फ नावाच्या बाईंनी १९०० च्या सुमारास हॉटेलांची व मेजवान्यांची भोजनपत्रे जमविण्यास आरंभ केला आणि दोन तपांत हजारो पत्रे गोळा केली. त्या काळी छांदिष्टपणात गणलेला तो उद्योग आज भाव, मोसम, मासळी आणि अभिरुची यांच्या इतिहासाचे साधन होऊन बसला आहे. मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावरील भोजनालयांची, डहाणूच्या इराण्याच्या हॉटेलाची किंवा लग्नातल्या आचाऱ्याची हाताने लिहिलेली सामानाची यादी कोणी दहा वर्षे नुसती तारखेवार लावून ठेवली, तरी शंभर पृष्ठांच्या प्रबंधाहून ती अधिक बोलकी होईल, असे माझे मत आहे.

परंतु तलासरीच्या बाजूने येणाऱ्या विद्यार्थ्यापुढचा खरा डोंगर भाषेचा. घरी वारली बोली, शाळेत मराठी, बाजारात निम्मी गुजराती, आणि पाठ्यपुस्तक इंग्रजी, तेही फ्रेंच शब्दांनी ठासून भरलेले. एस्कॉफिए या फ्रेंच आचाऱ्याने १९०३ मध्ये आपला प्रसिद्ध मार्गदर्शक ग्रंथ लिहिला तेव्हापासून रू, ब्लांच, सोते, कॉन्सोमे हे शब्द या विद्येचे मंत्राक्षर होऊन बसले आहेत, आणि ते उच्चारता न आल्यामुळे हाताने उत्तम स्वयंपाकी असलेला मुलगा वर्गात मुका ठरतो. अशा ठिकाणी ग्रंथालयाने करण्याजोगी सर्वांत मोलाची सेवा म्हणजे एक साधी शब्दवही. सोते म्हणजे परतणे, ब्लांच म्हणजे उकळत्या पाण्यातून काढणे, एवढे एका बाजूला लिहिले की दुसऱ्या बाजूला उलट प्रवासही घडतो. आपण भाजणे, शेकणे, होरपळणे आणि खरपूस करणे यांत जो भेद करतो, किंवा फोडणी या एका शब्दात तेल, मोहरी, काळ आणि नाद हे सारे भरतो, त्याला त्या पुस्तकात जोड सापडत नाही, हे मुलाच्या ध्यानात येते, आणि त्याची मान किंचित ताठ होते.

मराठी ग्रंथांचे आणि त्यांच्या संस्कृत पूर्वजांचे कपाट अशा ग्रंथालयात असावे की नाही, याविषयी मला तरी शंका नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचे प्रकरण असून त्यात मासे, खेकडे यांच्याबरोबर शेतातले उंदीर भाजण्याची रीतही सांगितलेली आहे. जे खाल्ल्याबद्दल आज कातकऱ्याकडे नाक मुरडून पाहिले जाते, ते तेव्हा राजग्रंथात विधिपूर्वक नोंदले गेले होते, एवढे कळण्यासाठी तरी तो ग्रंथ विद्यार्थ्याने एकदा उघडावा. तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयास असलेल्या रघुनाथाचे ‘भोजनकुतूहल’ आहे, ज्याच्यावर भांडारकर संस्थेच्या प. कृ. गोडे यांनी प्रकाश टाकला. छापील मराठीत १८७५ चे ‘सूपशास्त्र’, १९१० चे लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ आणि १९७० ची कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ ही परंपरा ठळक आहे. या पुस्तकांत वाटी, पळी, चमचा आणि ‘अंदाजाने’ ही मापे चालतात, कारण वाचणारीचा हात आधीच तयार आहे, असे लेखकाने गृहीत धरलेले असते. महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने त्या ‘अंदाजाने’ला ग्रॅममध्ये उतरवून पाहावे, हे एक उत्तम प्रात्यक्षिक होईल, उतरविताना काय निसटते, हे पाहणे त्याहूनही उत्तम.

विद्या शिकणाऱ्याच्या दारी नेण्याच्या बाबतीत डहाणू तालुक्याला गुरू शोधण्यास दूर जावयाचे कारण नाही. १९४५ मध्ये बालशिक्षणाच्या कार्यासाठी ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, त्यांच्या सोबतीस अनुताई वाघ आल्या, आणि पुढे कोसबादच्या टेकडीवर त्यांचे कार्य विस्तारले. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, हे दिसल्यावर या बायांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली, आणि तिला कुरणशाळा म्हटले. माँतेसरीची महागडी साधने परवडत नाहीत, तर शिंपले, खडे, बिया आणि पाने यांची साधने केली. ग्रंथालयशास्त्रात रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जे पाच नियम मांडले, त्यांतील प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक हे दोन नियम या टेकडीवर, त्यांचे नावही न घेता, आचरणात आलेले दिसतात. उद्या या पट्ट्यात पाकशास्त्राचे एखादे छोटे महाविद्यालय निघाले, तर त्याच्या ग्रंथालयानेही वाचक येण्याची वाट न पाहता ओट्यापर्यंत, बाजारापर्यंत आणि पाड्यापर्यंत जावे. तशी वहिवाट येथे पडलेली आहेच.

पाड्यापर्यंत गेल्यावर पहिली नोंद पदार्थाची होणार नाही, उपासमारीची होईल. आवणीच्या दिवसांत कणगी रिकामी पडली की सावकाराकडून धान्य उसने आणावयाचे आणि पीक हाती येताच ते वाढीव मापाने फेडावयाचे, या व्यवहाराला खावटी म्हणत. खाण्याच्या शास्त्राच्या शब्दवहीत हा शब्द नसेल, तर ती शब्दवही अपुरी समजावी. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक, ज्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे मे १९४५ मध्ये भरलेल्या परिषदेच्या आणि वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याच्या संदर्भात वाचले जाते, आणि तलासरीचे महाविद्यालय त्यांच्याच नावाने उभे आहे. मी ते पुस्तक पाकशाळेच्या कपाटातही ठेवीन, आणि त्याला ६४१ चाच अंक देईन. वर्गीकरणाचे पंडित नाराज झाले तर होवोत.

पाड्यावर मिळणाऱ्या ज्ञानापैकी कडूकांदाचे उदाहरण घ्या. हा रानातला कंद कच्चा खाल्ला तर बाधतो; म्हणून त्याच्या पातळ चकत्या करून, राखेच्या पाण्यात उकडून, टोपलीत घालून वाहत्या ओहोळात रात्रभर ठेवतात, तेव्हा त्यातला कडूपणा निघून जातो. अन्नरसायनाच्या पाठ्यपुस्तकात क्षार, पृष्ठफळ आणि विद्राव्यता या तीन प्रकरणांत जे विखुरलेले आहे, ते सारे या एका टोपलीत आहे, आणि ते पुस्तकाहून जुने आहे. किंवा चिकू घ्या. मध्य अमेरिकेतून निघालेले हे झाड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोलवडकडे रुजले, पारशी-इराण्यांच्या वाड्यांतून पसरले, आणि २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ म्हणून त्याला भौगोलिक मानांकन मिळाले; पण झाडावरून उतरल्यानंतर चार-सहा दिवसांत मऊ पडणाऱ्या या फळाचे स्वयंपाकघरात काय करावे, याविषयी मोठ्या आचाऱ्यांच्या ग्रंथांत फारसे काही सापडत नाही. कच्च्या चिकूचा चीक आणि तुरटपणा कोणत्या दिवशी संपतो, सुकविल्यावर शंभर किलोंचे किती उरतात, गोडव्याला आंबटाची जोड कशाची द्यावी, ही माहिती बोर्डीच्या बागायतदाराकडे, कोसबादच्या कृषी विज्ञान केंद्राकडे आणि चिकूच्या चकत्या वाळविणाऱ्या बचतगटांकडे तुकड्यातुकड्यांनी आहे. २०१३ पासून लोकल गाडी डहाणू रोडपर्यंत येते. दादरच्या ग्रंथालयातले ज्ञान इकडे आणण्याची सोय त्यामुळे झाली आहे, तशी इकडचे तिकडे नेण्याचीही.

त्याकरिता ग्रंथपालाने आपल्या दाखल-नोंदवहीशेजारी आणखी एक जाड बांधणीची वही ठेवावी. तिच्यात रकाने थोडे असावेत: जिन्नसाचे स्थानिक नाव, तो मिळतो तो महिना, गावपाडा, सांगणारणीचे नाव तिच्या संमतीने, करण्याची रीत तिच्याच शब्दांत, आणि मग वर्गात तराजूवर तोलून काढलेली मापे. सांगणारणीचे नाव वगळण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. बखरकारांनी मुदपाकखान्याचे वर्णन केले, पण आचाऱ्याचे नाव क्वचितच टिपले. तसेच हे लेखन शिक्षकाने घाईने शुद्ध करू नये. बाईने ‘चिमूट’ म्हटले तर चिमूट लिहावी, आणि शेजारी ग्रॅम लिहावेत. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, तर तशी टीप मांडावी, खोडाखोड करू नये.

अशा वहीच्या पहिल्या पानावर, कालक्रमाने नव्हे तर माझ्या हट्टाने, शेवळ असावे. नाव: शेवळ. महिना: ज्येष्ठ, पहिल्या सरींनंतर. गाव: कासा. काय टाकून द्यावे: आतला पिवळा भाग. सोबत: काकडाची फळे. किती, हा रकाना कोरा राहील, कारण ती विकणारी बाई जुडी हातात धरून, तिची लांबी आणि कोवळेपणा पाहून, मूठ उघडते आणि पडतील तितकी काकडे पडू देते. वर्गातल्या कोणीतरी तराजू घेऊन पुढच्या ज्येष्ठात रस्त्याच्या कडेस बसावे लागेल, आणि बाजार उठेपर्यंत, जुडीमागून जुडी, तिच्या मुठीचे वजन करावे लागेल.