राष्ट्रपती भवनात नाशिकची नावं

राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांचा सोहळा दरवर्षी दूरदर्शनवर दिसतो आणि तो अगदी साधा असतो. नाव पुकारलं जातं, ब्लेझर घातलेला खेळाडू पुढे येतो, मानपत्र वाचलं जातं. राष्ट्रपतींच्या हातून नेम धरलेल्या अर्जुनाची कांस्यमूर्ती मिळते, फोटो निघतो आणि पुढचं नाव येतं. एका खेळाडूच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट. मला या सोहळ्याबद्दल मनापासून आदर आहे, आणि त्याचं कारण नाशिक जिल्हा.

अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. पहिल्याच मानकऱ्यांत आपले बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर होते. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली आला, खेलरत्न १९९१-९२मध्ये. अर्जुनसाठी एखाद्या दिवसाची चमक पुरत नाही, आधीच्या चार वर्षांची कामगिरी पाहिली जाते. मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, ही सोहळ्याची ठरलेली तारीख होती. अलीकडे ती पुढेमागे होते.

२०१२ साली याच तारखेला कविता राऊत यांना अर्जुन मिळाला. हरसूलजवळचा सावरपाडा हा त्यांचा आदिवासी पाडा. सुरुवातीला त्या अनवाणी धावल्या. पुढे नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांनी त्यांना घडवलं. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवलं. राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर वैयक्तिक पदक जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी याच अंतरात रौप्य आणि ५,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं. दहा हजार मीटर म्हणजे ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्या. एवढी शर्यत आपल्याकडचा प्रेक्षक एरवी टीव्हीवर पाहायला बसत नाही. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे नाव घरोघरी गेलं ते पदकामुळे. पण देश या खेळाडूची रीतसर दखल घेतो आहे, हे पाड्यावरच्या पोरींना दिसलं ते या सोहळ्यामुळे. विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली पुढे संजीवनी जाधव, मोनिका आथरे अशी रांगच लागली.

दत्तू भोकनळ यांची गोष्ट मला अधिक हलवून जाते. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा. गाव दुष्काळी, आणि वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचं काम. सैन्यात गेल्यावर वल्हं हाती आलं. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी एकेरी नौकानयनात तेरावा क्रमांक मिळवला. २०१८च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम फेरीत ते शेवटचे आले, पार गळून गेले. दुसऱ्याच दिवशी पालेमबांगच्या पाण्यात स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या नावेतून सुवर्ण जिंकलं. त्यांना २०२०चा अर्जुन जाहीर झाला, पण ते वर्ष करोनाचं. सोहळा पहिल्यांदाच दूरदृश्य पद्धतीने झाला. राष्ट्रपती रामनाथ कोविंद दिल्लीत आणि खेळाडू देशभरातल्या केंद्रांत, पडद्यासमोर.

पॅरिस ऑलिंपिकचा कांस्यपदक विजेता स्वप्नील कुसाळे कोल्हापूरच्या कांबळवाडीचा, पण त्याची नेमबाजी घडली ती नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. १७ जानेवारी २०२५ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याला अर्जुन मिळाला. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांना त्याच वर्षीचा द्रोणाचार्य जाहीर झाला होता. गुरू आणि शिष्य एकाच यादीत आले, हे मला फार योग्य वाटलं.

माझं एकच मागणं आहे. मानपत्र वाचलं जात असताना त्या खेळाडूची ती शर्यत पडद्यावर दाखवावी. दत्तूच्या नावेचे शेवटचे पन्नास मीटर, कविताची पंचविसावी फेरी. दाखवायला अर्धं मिनिटही पुरेल, आणि क्रिकेटपलीकडचा खेळ कसा दिसतो हे हरसूलच्या, चांदवडच्या शाळेतल्या मुलांना तेव्हा तरी कळेल.