सावलींतलीं रंगीत पानें

ज्या घरापुढें ऊन आहे तेथें गुलाब, मोगरा, शेवंती लावतां येते. पण ज्याच्या अंगणावर दिवसभर आंब्याची किंवा शेजारच्या भिंतीची छाया पडलेली असते, त्या घरच्या माणसास फुलांचा नाद लवकरच सोडून द्यावा लागतो. मग त्याची दृष्टि पानांकडे वळते. पिवळ्या कडांचीं, पांढऱ्या शिंतोड्यांचीं, तांबूस शिरांचीं सदाहरित झुडुपें फुलांची उणीव बारा महिने भरून काढतील, या भरंवशानें तो तीं घरीं आणतो. सहा महिन्यांनीं पाहावें तों त्यांतील कांहीं नुसतीं हिरवीं झालेलीं असतात आणि कांहींचा खराटा झालेला असतो. यांत दोष रोपें विकणाऱ्याचा नसतो, खताचाहि क्वचितच असतो. रंगीत पान म्हणजे काय, हें ध्यानांत न घेतल्याचा तो परिणाम होय.

पानांतील हरितद्रव्य सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें हवेंतील कर्बवायु व मुळांनीं ओढलेलें पाणी यांपासून झाडाचें अन्न तयार करतें. पानाचा जो भाग पांढरा अगर फिकट पिवळा असतो, त्यांत हें द्रव्य नसतें किंवा फार थोडें असतें. खाणारीं तोंडें चार आणि मिळवते दोघे, अशी त्या पानाची स्थिति असते. म्हणून पांढऱ्या कडांचें अरेलिया आपल्या हिरव्या भावंडाहून हळू वाढतें, आणि त्याला हिरव्या झाडापेक्षां अधिक उजेड लागतो. ही दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षांत येत नाहीं. उलटपक्षीं, कडक ऊन लागतांच हा पांढरा भागच आधीं करपतो. ऊन सोसत नाहीं आणि अंधार परवडत नाहीं, अशा पेचांतलें हें झाड आहे. त्याला ‘सावलींतलें झाड’ म्हणणें अर्धेंच खरें. दुपारीं दिवा न लावतां वर्तमानपत्र वाचतां येईल, आणि जमिनीवर हात धरला असतां त्याची पुसट तरी छाया उमटेल, अशी जागा त्यास हवी. जेथें हाताची छाया मुळींच उमटत नाहीं, तेथें गडद हिरव्या पानांचें झाड लावावें हें उत्तम.

जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत याची साक्ष रानांतच मिळते. भीमाशंकरच्या बाजूच्या सदाहरित अरण्यांत अंजनी, जांभूळ यांच्या दाट छत्राखालीं जीं झुडुपें वाढतात तीं बहुतेक गडद हिरवीं असतात. थोड्या उजेडांत संसार करावयाचा तर पानाचा कण न् कण कामास लावावा लागतो. तेथें एखाद्या फांदीवर पांढरट पानें उपजलीं तरी शेजारच्या हिरव्या फांद्या तिला मागें टाकतात. बागेंतील चित्रविचित्र पानें टिकलीं आहेत तीं बहुधा माणसानें तीं वेचलीं आणि छाट लावून जपलीं म्हणून.

छाटच कां, यालाहि कारण आहे. अशा पुष्कळ झाडांत एकाच शेंड्यामध्यें दोन प्रकारच्या पेशींचे थर एकत्र नांदत असतात. एक हरितद्रव्य करणारा, दुसरा न करणारा. बीं पेरलें तर हा जोड सहसा उतरत नाहीं. शेंड्यासह फांदी लावली तर उतरतो. स्नेक प्लँट या नांवानें घरोघरीं असणाऱ्या पिवळ्या कडांच्या झाडाचें पान तोडून रुजविलें तर नवें रोप कडांवांचून येतें. कडा हव्या असल्यास मूळ गड्डाच फोडून लावावा लागतो. जपानांतील ऑक्युबा नांवाच्या झुडुपाची हकीगत मोठी मौजेची आहे. सोनेरी ठिपक्यांचें त्याचें मादी झाड १७८३ सालीं इंग्लंडांत गेलें. नराअभावीं त्याला फळ धरेना. तरी नुसत्या छाटांवर तें त्या देशांतील अंधाऱ्या बागांतून सर्वत्र पसरलें. पुढें १८६१ च्या सुमारास रॉबर्ट फॉर्च्यून यांनीं जपानांतून नर झाड आणलें, आणि पाऊणशें वर्षांहून अधिक काळ वांझ राहिलेल्या त्या झाडांना लाल फळें लागूं लागलीं. ऑक्युबा थंड हवेचें झाड. मंचर-नारायणगांवच्या उन्हाळ्यांत त्याचा निभाव लागावयाचा नाहीं. पण त्यापासून घेण्याजोगा धडा येथेंहि लागू आहे. दोन थरांचा हा जोड कधीं कधीं आपणहून सुटतो आणि झाडावर एखादी निखळ हिरवी फांदी फुटते. ती जोमदार असल्यानें माळ्यास तिचें कौतुक वाटतें, आणि वर्षाच्या आंत ती सगळें झाड गिळते. अशी फांदी दिसतांच तिच्या उगमाशीं कापावी.

शेतकऱ्याच्या डोळ्याला हें सारें प्रकरण विपरीत वाटलें तर नवल नाहीं. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडल्या कीं तो ‘केवडा आला’ म्हणतो आणि झाड उपटून टाकतो. कारण तो पांढऱ्या माशीनें पसरणारा विषाणु-रोग आहे. मात्र ॲबुटिलॉन या शोभेच्या झुडुपाच्या पानांवरील पिवळी नक्षी अशाच एका विषाणूची करामत असून ती लोक हौसेनें जोपासतात! म्हणून रंगीत पान विकत घेतांना तो रंग जातीचा कीं आजाराचा, हें पाहावें. पूर्वेकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनींत एक तिसराच प्रकार आढळतो. तेथें मातींत लोह असूनहि मुळांस तें घेतां येत नाहीं. कोंवळीं पानें पिवळीं पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही शोभा नव्हे, उपासमार होय. अशा ठिकाणीं कुंडीच बरी. तींत माती, वाळू व कुजलेलें शेणखत समभाग असावें, आणि विहिरीचें पाणी क्षारयुक्त असल्यास पावसाचें पाणी सांठवून अधूनमधून द्यावें.

जागा निवडतांना या भागाच्या सूर्याचा हिशेब करावा लागतो. जुन्नर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १९ अंशांवर आहे. मेच्या मध्यानंतर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य तेथें माध्यान्हीं बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळांत तो किंचित् उत्तरेस असतो. म्हणून जुन्या वाड्याचा जो चौक मार्गशीर्षांत दिवसभर थंड असतो, त्यांत मे महिन्यांत भर दुपारचें ऊन उतरतें. उत्तरेची पडवीहि त्यांतून पूर्णपणें सुटत नाहीं. दिवाळींत जागा पसंत करून लावलेलें पांढरट झाड वैशाखांत करपतें, त्याचें कोडें हेंच. जुलैंत ढग असतात, त्यामुळें चिंता नाहीं. मेमध्यें मात्र कुंडी हलवावी, किंवा वर गोणपाट बांधावें.

परदेशी झाडांची या मुलखास ओळख नवी नाहीं. दापोडीच्या सरकारी बागेचे १८३८ पासूनचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची दुसरी बाग जुन्नरजवळ हिवरें येथें होती. तेथें भर औषधी व उपयुक्त वनस्पतींवर होता. आजच्या रंगीत झुडुपांपैकीं लोकप्रिय क्रोटन मोलुक्का बेटांकडचें. लिनीअस यांनीं १७५३ मध्यें त्याला क्रोटन वंशांत घातलें, पुढें शास्त्रज्ञांनीं त्यांतून काढलें, पण बागेंत तें नांव चिकटलें तें चिकटलेंच. सावलींत फसवणूक होते ती बहुधा याच झाडाची. त्याचे लाल-पिवळे रंग उन्हांतच खुलतात; रोज तीन-चार तास कोंवळें ऊन मिळणार नसेल तर तें घेऊंच नये. खऱ्या उजेडाच्या सावलीस पांढऱ्या कडांचें अरेलिया, पिवळ्या शिंतोड्यांचें शेफ्लेरा आणि पिवळ्या शिरांचें सँकेझिया अधिक मानवतात. सँकेझिया इक्वाडोर-पेरूकडचें, पाणी चुकलें कीं तासाभरांत मान टाकतें. पिवळ्या पट्ट्यांचें ड्रेसीना ‘साँग ऑफ इंडिया’ या नांवानें विकलें जातें, पण त्याचें माहेर मादागास्कर व आसपासचीं बेटें. छाट आषाढ-श्रावणांत वीतभर लांबीचे घ्यावेत, खालचीं पानें काढावीं आणि ते ओल्या वाळूंत टोंचावेत. क्रोटनचा चीक अंगास लागूं देऊं नये. ठिपक्यांच्या मोठ्या पानांचें डिफेनबेकिया तर लहान मुलांच्या घरांत नसलेलेंच बरें. तें चघळल्यास जीभ व घसा सुजतो.

एक गोष्ट मात्र याच भागापुरती आहे. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, आणि उसाच्या आडोशानें बिबट्या गांवोगांव वस्तीस आला. माणिकडोहजवळचें बिबट्या निवारण केंद्र त्याचीच खूण. घराभोंवतीं दाट झुडूप म्हणजे त्यास दबा धरण्यास जागा. जमिनीपासून पानांनीं भरलेलें कुंपण फाटकाजवळ, गोठ्याशेजारीं किंवा न्हाणीच्या वाटेवर कितीहि सुंदर दिसलें तरी तें तेथें नको. येथें रंगीत पानांचा तो अशक्तपणाच उपयोगी पडतो. हळू वाढणारें झाड गुडघाभर उंचीवर राखणें सोपें असतें; आणि ड्रेसीनासारखें उंच जाणारें असल्यास त्याच्या खालच्या दोन-अडीच फुटांवरचीं पानें काढून बुंधा मोकळा ठेवावा, म्हणजे ओसरीवरून पलीकडची भिंत दिसत राहते. छाटलेल्या फांद्या ओढ्याकाठीं वा रानाच्या कडेला टाकूं नयेत. टणटणी शंभर-दोनशें वर्षांपूर्वीं शोभेचें झुडूप म्हणूनच या देशांत आली होती, आणि आज तिच्या जाळ्या डोंगरउतारांवरून काढतां काढतां निघत नाहींत. फांद्या घरच्याच खतखड्ड्यांत घालाव्या. पाऊस संपेपर्यंत त्यांचें खत होतें.