डोरोथी कॅरीची बाजू

इंग्रज मिशनरी विल्यम कॅरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, १८१० साली कोश काढला. मराठी मुद्रणाच्या इतिहासात त्याला मानाचे पान आहे. हे काम चालू असताना त्याची बायको डोरोथी त्याच घरात मनोविकाराने खंगत होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. १७९३ साली कॅरी मिशनरी म्हणून बंगालला निघाला, तेव्हा इंग्लंड सोडायला तिने साफ नकार दिला होता. ती गरोदर होती. जहाजाला उशीर झाला, मूल जन्मले, पुन्हा विनवण्या झाल्या, तेव्हा बहिणीला सोबत घेऊन ती निघाली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तिचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशाने गेला. ती त्यातून सावरली नाही. नवऱ्यावर संशय घेऊ लागली आणि १८०७ मध्ये वारली. लग्नाच्या नोंदीत सहीऐवजी खूण करणाऱ्या या बाईची बाजू आपल्याला बहुतांशी इतरांच्या पत्रांतूनच कळते.

त्या काळी मुले सगळीकडेच दगावत, असे कुणी म्हणेल. खरे आहे, पण अशा वेळी माहेर, शेजार आधाराला असतो, तो तिला नव्हता. कॅरीने घराकडे पाहिले असते तर व्याकरण झालेच नसते, हा दुसरा आक्षेप तर मुळीच टिकत नाही. १८०० पासून सेरामपूरला मिशनरी कुटुंबे एकत्र राहू लागली, पंगत एक झाली, सहकारी मिशनऱ्याची बायको हॅना मार्शमन हिने कॅरीच्या मोकाट मुलांना वळण लावले. कॅरीची मोठी कामे त्यानंतरचीच आहेत. पाद्र्याला परदेशी धाडणाऱ्या मंडळींनी आधी त्याच्या बायकोला विचारावे, आणि तिचा नकार नकारच मानावा.