मुदतीआधीचा कौल

2003च्या डिसेंबरात लखनऊ छावणीतल्या मतदाराला पडलेला प्रश्न साऱ्या देशाचा होता: लोकसभेची निवडणूक कधी? छावणी लखनऊ मतदारसंघात येते आणि तिथले खासदार होते पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी.

लोकसभेची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षे, म्हणजे ऑक्टोबर 2004पर्यंत होती. पण सरकारने शिफारस केली, तर राष्ट्रपती ती आधीच विसर्जित करू शकतात; मग तारखा निवडणूक आयोग ठरवतो. त्यामुळे अंदाज बांधणाऱ्याने आधी सत्ताधाऱ्यांचा आत्मविश्वास मोजावा. डिसेंबरात भाजपने राजस्थान, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड जिंकले होते. 6 फेब्रुवारी 2004ला लोकसभा विसर्जित झाली.

मुदतीआधी निवडणुकीचा अंदाज खरा ठरला, सत्ताधाऱ्यांचा हिशेब चुकला. वाजपेयी लखनऊतून निवडून आले. भाजप मात्र 182 जागांवरून 138वर घसरला आणि सत्ता गेली.

महाराष्ट्राने हे आधीच पाहिले होते. 1999मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारने विधानसभेची निवडणूक मुदतीआधी, लोकसभेबरोबरच घेतली. निकालानंतर युतीची सत्ता गेली आणि मुख्यमंत्री झाले काँग्रेसचे विलासराव देशमुख.

तारखेचे तर्क जरूर करावेत, पण मतदारयादीत आपले नाव आहे का, हे आजच पाहून घ्यावे.